लहानपणाचे साक्षीदार

दक्षिण गोव्यातल्या सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं एक गाव आहे. वर्षातले जवळपास अकरा महिने ते पाण्याखाली असतं. मे महिन्यात साळावली धरणाचा जलाशय खाली गेला की आधी झाडांचे काळे पडलेले बुंधे वर येतात. मग घरांची जोती, पायऱ्या, शेतांना पाणी देणारे जुने पाट दिसू लागतात. तळाची माती उन्हाने तडकते, चालण्याजोगी होते आणि माणसं येऊ लागतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या चॅपेलचं फेस्त साजरं करतात. पाऊस लागला की गाव पुन्हा बुडतं.

गोवा मुक्त झाल्यानंतर तिथले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः कुर्डीला गेले होते. इथे धरण होईल आणि सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, असं त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं. गाव होतं सुमारे तीन हजार वस्तीचं. भातशेती, माड, काजू, आंबे-फणस यांवर त्याचं पोट चाले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे तिथे राहत. सहाशेहून अधिक कुटुंबांना जमीन आणि भरपाई देऊन वाडे, वालकिणी अशा ठिकाणी हलवण्यात आलं आणि १९८६ मध्ये गाव पाण्याखाली गेलं. गावातलं प्राचीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने एकेक दगड सोडवून दुसरीकडे नेलं आणि पुन्हा उभारलं. घरांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका, किशोरी आमोणकरांच्या आई मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. त्यांच्या घराचे अवशेषही इथेच आहेत.

गाव सुटलं तेव्हा विशी-पंचविशीत असलेली माणसं आज साठी ओलांडून गेली आहेत. तरी ती दर उन्हाळ्यात येतात. छप्पर नाही, भिंत नाही, सावलीसाठी झाड नाही. जोत्यावर उभं राहून ती नातवंडांना दाखवतात : इथे देवघर होतं, इथे चूल, इथून खाली नदीची वाट. शेजारच्या जोत्यावर तेव्हाचा शेजारी उभा असतो. धरणाने विखुरलेली वाडी काही तासांपुरती पूर्वीच्याच क्रमाने उभी राहते.

या माणसांना तिथे नेमकं काय मिळतं, या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने बऱ्यापैकी दिलं आहे. त्या उत्तराचा गाभा असा की, माणसाच्या आठवणींचा मोठा हिस्सा त्याच्या एकट्याच्या डोक्यात नसतो. तो जागांमध्ये आणि दुसऱ्या माणसांमध्ये असतो. तिथे गेल्याशिवाय, त्यांना भेटल्याशिवाय तो वर येत नाही.

जागेचं आधी पाहू. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूत काही विशिष्ट पेशी सापडल्या. उंदीर एका ठरावीक जागी आला की यातली एक ठरावीक पेशी जागी होई, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. मेंदूच्या ज्या भागात या पेशी आहेत त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. पुढे २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी त्याच्या लगतच्या भागात अंतर आणि दिशा मोजणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. यातली खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आयुष्यातल्या घटनांची आठवण तयार व्हायलाही हाच हिप्पोकॅम्पस लागतो. ‘कुठे’ आणि ‘काय घडलं’ यांची नोंद मेंदू जवळजवळ एकाच दप्तरात करतो. म्हणूनच जुन्या वाड्याच्या जिन्यावर पाय ठेवताच, तीस वर्षांत एकदाही न आठवलेलं कोणाचं तरी भांडण किंवा कोणाचं तरी हसणं अचानक आठवतं.

यावर एक प्रसिद्ध प्रयोगही झाला. १९७५ मध्ये डंकन गॉडन आणि अॅलन बॅडली या दोन मानसशास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमध्ये पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. काही याद्या किनाऱ्यावर, काही पाण्याखाली. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी इतका ठळक दिसला नाही, पण परिसर आणि आठवण यांची सांगड आहे, हे अनेक अभ्यासांनी मान्य केलं. वासाची गोष्ट तर याहून खोल आहे. वासाची जाणीव मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचते. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, शब्दांनी किंवा चित्रांनी जाग्या होणाऱ्या त्यानंतरच्या. पावसात भिजलेलं गोणपाट, सारवलेली जमीन, रॉकेलचा स्टोव्ह : फोटोच्या अल्बममध्ये यातलं काहीच येत नाही. त्यासाठी जागेवरच जावं लागतं.

जागेवर गेल्यावर एक धक्का मात्र जवळपास प्रत्येकाला बसतो. शाळेचं विस्तीर्ण पटांगण टीचभर निघतं, लांबच लांब वाटणारा व्हरांडा चार ढांगांत संपतो. ही केवळ कल्पना नाही. स्टॉकहोममधल्या कारोलिन्स्का संस्थेत हेन्रिक एर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की, माणूस भोवतालच्या जगाचं माप आपल्या स्वतःच्या शरीराच्या मापाने घेतो. प्रयोगात माणसांना आपलं शरीर बाहुलीएवढं आहे असा भास दिला, तर खोलीतल्या वस्तू त्यांना प्रचंड आणि दूर वाटू लागल्या. सातवीतल्या मुलाने पटांगण मोजलं होतं ते सातवीतल्या पायांनी. तेव्हाचं माप खोटं नव्हतं आणि आजचंही नाही.

आता माणसांकडे वळू.

पाणबुड्यांच्या प्रयोगाच्याच वर्षी, १९७५ मध्ये, अमेरिकेतल्या हॅरी बारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळा सोडून काही महिन्यांपासून ते पन्नासेक वर्षं झालेल्या ३९२ माणसांना त्यांनी वर्गमित्रांबद्दल विचारलं. ‘वर्गातली आठवतील ती नावं सांगा’ म्हटल्यावर काळ जाईल तशी नावं झपाट्याने गळत गेली. पण शाळेच्या वार्षिकातले फोटो, इतर शाळांतल्या मुलांच्या फोटोंत मिसळून समोर ठेवले, तेव्हा पस्तीस वर्षांनंतरही दहापैकी नऊ चेहरे लोकांनी बरोबर ओळखले. त्याहून जास्त काळ लोटलेल्या गटात हे प्रमाण घटलं, तरी सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिलं. चेहरा पाहून नाव सांगणं मात्र कठीण गेलं. साठीतल्या कुठल्याही स्नेहमेळाव्यात पहिला अर्धा तास हेच चालतं. समोरचा आपलाच आहे हे पक्कं ठाऊक असतं, नाव ओठांवर येत नाही, आणि मग कोणीतरी मागून ‘अरे, हा पुढच्या बाकावरचा’ असं म्हणतं.

महाराष्ट्रासाठीही १९७५ हे साल महत्त्वाचं. १०+२+३ या नव्या आकृतिबंधातली पहिली दहावीची परीक्षा त्या वर्षी झाली. ती पहिली दहावी आता पासष्टीत आहे, आणि तिच्या मागोमाग दर वर्षी एक तुकडी साठीत पाऊल टाकते. ही मुलं शाळा सोडून गेली तेव्हा बहुतेक घरांत फोन नव्हता. पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलेला असे. वडिलांची बदली झाली, भाड्याची खोली सुटली की तो पत्ताही संपला. मित्र दुरावले यामागे भांडण क्वचितच होतं. बहुतेकदा सांधा जोडणारं साधनच नव्हतं.

ते साधन आलं तेव्हा ही पिढी पन्नाशीत होती. ऑर्कुट २००४ मध्ये सुरू झालं, व्हॉट्सअॅप २००९ मध्ये. पण गावोगावच्या शाळांच्या ‘दहावी बॅच’ नावाच्या गटांना खरा बहर आला तो २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर, इंटरनेट स्वस्त झाल्यावर. नाशिकपासून नांदेडपर्यंत चित्र साधारण सारखं आहे. एकाला दुसरा सापडतो, दुसऱ्याला चौथा. वर्षभरात पन्नास-साठ जण जमतात आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत शाळेतच भेटायचं ठरतं. पुढचा कार्यक्रम महाराष्ट्राने स्वतःच घडवला आहे : शाळेची घंटा वाजते, प्रार्थना होते, हयात असलेले शिक्षक शाल-श्रीफळ स्वीकारतात आणि मग जुन्या क्रमाने हजेरी घेतात. जे गेले त्यांच्या नावापाशी सगळे उभे राहतात. शेवटी वर्गणीतून शाळेला पाण्याची टाकी, बाकं किंवा प्रोजेक्टर दिला जातो. या मेळाव्यांना हौस म्हणून हसणारेही आहेत. पण आयुष्यभर ज्यांना ‘साहेब’ म्हणून हाक मारली गेली अशा माणसांना, केवळ हजेरी क्रमांकाने ओळखलं जाण्यात जी मोकळीक मिळते ती दुसरीकडे कुठे मिळते?

या सगळ्यात मुली मागे राहिल्या, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललं. पुष्कळ घरांत पहिलं नावही बदललं. सत्तर-ऐंशीच्या दशकात दहावी झालेल्या मुलीला तिच्या शाळेतल्या नावाने फेसबुकवर शोधायचं तर ती सापडणार कशी? माहेरी गेली तरी मुक्काम चार दिवसांचा, तोही आईच्या स्वयंपाकघरात. त्यात मुलींनी जुन्या वर्गमित्रांशी बोलण्यावर घरच्यांच्या नजरा. म्हणून पुष्कळ गटांमध्ये पहिली दोन-तीन वर्षं निव्वळ पुरुष असतात. मग एक मैत्रीण सापडते आणि तिच्यामागोमाग बाकीच्या येतात, कारण एखादीचं सासर कुठलं, हे तिलाच ठाऊक असतं. आता अनेक जणी आपल्या नावापुढे माहेरचं आडनावही लिहितात. ज्या नावाने पंधरा वर्षं ओळखलं गेलं ते पन्नाशीनंतर परत मिळणं, ही या भेटींची लहानशी देणगी नाही.

शाळा-कॉलेजची दहा-बारा वर्षंच इतकी का आठवतात? नोकरी तर पस्तीस वर्षं केलेली असते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे कोडं १९८० च्या दशकापासून माहीत आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला त्याच्या आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या कोणत्या वयातल्या आहेत ते मांडलं, तर दहा ते तीस या वयावर एक उंचवटा दिसतो. याची कारणं एकाहून अधिक आहेत. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, गावाबाहेरचा पहिला प्रवास, घरापासून दूर काढलेली पहिली रात्र, हे सगळं याच काळात घडतं आणि पहिल्यांदा घडलेलं मेंदू खोल कोरतो. नवं साठवण्याची मेंदूची ताकद तेव्हा ऐन भरात असते. आणि ‘मी कोण’ हे माणूस याच वर्षांत ठरवत असतो, त्यामुळे पुढे आयुष्यभर स्वतःची ओळख सांगताना तो याच वर्षांकडे वळतो. त्या उंचवट्यावर त्याच्या बरोबर जे उभे होते ते म्हणजे शाळा-कॉलेजातले मित्र. पंचविशीनंतर जोडलेली माणसं कितीही जिवाभावाची असली, तरी त्यांनी तो माणूस घडताना पाहिलेला नसतो.

इथे आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. साठीनंतर बहुतेकांचे आई-वडील गेलेले असतात. आईच्या हातचं खाल्लेलं, वडिलांचा आवाज ऐकलेलं, ते जुनं घर आतून पाहिलेलं जगात कोण उरतं? भावंडं आणि लहानपणचे मित्र. बायको किंवा नवऱ्याने सासू-सासरे पाहिले ते त्यांच्या उतारवयातले. ‘तुझे वडील सायकलवरून यायचे आणि आम्ही पळायचो’, असं सांगू शकणारा माणूस वर्गातलाच असतो. आठवण ही दर वेळी आठवताना थोडी बदलू शकते, हे आता प्रयोगांत दिसलं आहे. एकट्याने पन्नास वर्षं सांभाळलेली गोष्ट त्यामुळे मूळ घटनेपासून बरीच दूर गेलेली असू शकते. मित्र भेटला की ती तपासली जाते. कोणी दुरुस्ती करतो, कोणी विसरलेला तुकडा जोडतो. कधी एखादा लहानपणापासून मनात धरलेला अपमान प्रत्यक्षात झालाच नव्हता, असंही समजतं.

उतारवयात जुन्या गोष्टी काढणं म्हणजे बुद्धी ढळल्याचं लक्षण, असं एके काळी डॉक्टरही मानत. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये एका लेखात हे मत खोडून काढलं. आयुष्याच्या उत्तरार्धात माणूस मागे वळून सगळ्या हिशेबाची फेरतपासणी करतो, ती नैसर्गिक आहे आणि आवश्यकही आहे, असं त्यांनी मांडलं. वृद्धांच्या आठवणी ऐकून घेण्याच्या उपचारपद्धती पुढे त्यातूनच वाढल्या. आपल्याकडे अजूनही ‘आजोबांचं सुरू झालं’ म्हणून मुलं उठून जातात. आजोबांना खरी गरज असते ती त्यातला अर्धा भाग ठाऊक असलेल्या श्रोत्याची, आणि तो नातवंडांमध्ये नसतो.

मैत्रीचा आणि तब्येतीचा संबंधही आता पुरेसा स्पष्ट आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास अजून चालू आहे. विद्यापीठातली २६८ मुलं आणि बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं यांच्या आयुष्याचा त्याने शेवटपर्यंत माग काढला. त्याचे सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की, पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल सर्वांत समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी सर्वांत निरोगी निघाले. २०१० मध्ये ज्युलिअन होल्ट-लन्स्टॅड यांनी १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची, अभ्यासाच्या काळात, हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी जास्त होती. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टन्सन यांनी दाखवलं आहे की, पुढचा काळ मर्यादित आहे हे जाणवू लागलं की माणूस नव्या ओळखी वाढवत बसत नाही. ज्यांच्याशी मन जुळतं अशा थोड्यांकडे तो वळतो. निवृत्तीनंतर जुने मित्र आठवू लागणं हे त्यामुळे दुबळेपण नव्हे. त्या वयाचं ते शहाणपण आहे.

मग माणसं फोन का करत नाहीत?

नंबर असतो. इच्छा असते. तरी हात पुढे होत नाही. कॅनडातल्या लारा एक्निन आणि ब्रिटनमधल्या जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये नेमका याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. संपर्क तुटलेला आणि पुन्हा जोडावासा वाटणारा एखादा मित्र, अभ्यासात भाग घेतलेल्या बहुतेक प्रत्येकाला आठवत होता. त्यांना संदेश लिहायला वेळ दिला, पाठवायलाही वेळ दिला. मित्राला आनंद होईल असं स्वतः म्हणणाऱ्यांपैकीही एक-तृतीयांशाहून कमी लोकांनी तो पाठवला. अनोळखी माणसाशी बोलायला माणूस जितका कचरतो, तितकाच तो जुन्या मित्राशी बोलायला कचरतो, असं संशोधकांना आढळलं. इतक्या वर्षांत जुना मित्रच अनोळखी झालेला असतो. यावर त्यांनी एक साधा उपाय तपासला : आधी तीन मिनिटं सध्याच्या मित्रांना संदेश पाठवायचे, हात मोकळा करायचा आणि मग जुन्या मित्राकडे वळायचं. असं केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी जुन्या मित्राला संदेश पाठवला.

आपल्याकडे या संकोचाला आणखी एक पदर आहे. इतक्या वर्षांनी फोन केला तर समोरच्याला वाटेल, काहीतरी काम असणार. मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकायचा असेल, विमा खपवायचा असेल. आणि आपण आयुष्यात मागे पडलो, तो पुढे गेला, तर कोणत्या तोंडाने बोलायचं? पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ यांनी २०२२ मध्ये जे दाखवलं ते अशा प्रत्येकाने वाचायला हवं. आपल्या फोनचं किंवा चिठ्ठीचं समोरच्याला किती अप्रूप वाटेल याचा अंदाज, पाठवणारा बहुतेकदा कमीच धरतो. आणि ती जितकी अनपेक्षित, तितका समोरच्याचा आनंद मोठा. म्हणजे मध्ये गेलेली वर्षं ही अडचण नाहीच. त्या वर्षांनीच त्या फोनची किंमत वाढवलेली असते.

काम असलं तरी बिघडत नाही. डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक अधिकाऱ्यांना, किमान तीन वर्षं न बोललेल्या ओळखीच्या माणसांकडून आपल्या कामाबद्दल सल्ला घ्यायला लावला. रोजच्या सहकाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडून नवं काहीतरी जास्त मिळालं, कारण मधल्या काळात ते वेगळ्या जगात वावरले होते. जुना विश्वास मात्र तसाच टिकून होता. हा अभ्यास २०११ चा.

परतणं दर वेळी गोड असेल असं नाही, आणि तसं सांगणं खोटेपणाचं होईल. सगळ्यांना गाव सारखं आठवत नाही. दया पवार यांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ मध्ये आलं. त्यात मुंबईत नोकरी करणारा, लिहिता-वाचता दया पवार आणि गावातल्या महारवाड्यात वाढलेला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. जुन्या स्वतःला भेटण्याची इतकी प्रामाणिक गोष्ट मराठीत दुसरी क्वचितच असेल. पण त्या भेटीत माया जितकी आहे तितकीच जखमही आहे. ज्या पाणवठ्यावर आपल्याला हात लावू दिला नाही, त्याच्या आठवणीने कोणी गहिवरावं अशी अपेक्षा कशी करायची? शाळेतही कोणाला मागे बसवलं गेलं, कोणाच्या गरिबीची टर उडवली गेली. अशा माणसाने मेळाव्याला यायचं नाही असं ठरवलं, तर त्याचा आदर करायला हवा. आणि तो आला, तर बाकीच्यांनी ते जुनं वागणं त्याच्यासमोर बोलून दाखवायला हवं. काही तुकड्यांत असं झालेलं आहे, आणि पुढच्या मैत्रीचा पाया तिथेच पडला.

गट टिकवणंही सोपं नसतं. पहिल्या भेटीचा बहर ओसरल्यावर राजकारणाचे संदेश सुरू होतात, दोघांचं बिनसतं, चार जण गट सोडून जातात. ज्या तुकड्यांनी राजकारण आणि धर्म बाहेर ठेवायचे असं पहिल्याच दिवशी ठरवलं, त्या जास्त काळ एकत्र राहिल्या.

जागा तर माणसांपेक्षाही लवकर जातात. मुंबईतल्या चाळी पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत. सामाईक गॅलरीत वाढलेल्या मुलांना परत जाऊन उभं राहायला ती गॅलरीच उरणार नाही. उजनी धरणाने इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव बुडवलं. पाणी फार खाली गेलं की तिथल्या पळसनाथ मंदिराचं शिखर दिसतं आणि लोक होडीने तिथे जातात. कुर्डीइतकी नियमित संधी सगळ्या गावांना मिळत नाही.

काहींच्या वाटेत तर देशाची सीमा आली. फाळणीच्या वेळी रावळपिंडी सोडून आलेल्या, पुढे पुण्यात स्थायिक झालेल्या एक बाई २०२२ च्या जुलैमध्ये, वयाच्या नव्वदीत, वाघा सीमा ओलांडून आपलं लहानपणचं घर पाहायला गेल्या. पंचाहत्तर वर्षं लोटली होती. गल्लीतल्या लोकांनी ढोल वाजवून, फुलं उधळून त्यांचं स्वागत केलं आणि त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने त्यांना आत नेलं. इस्रायलला गेलेल्या, कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबांतली वयस्क माणसंही अशीच अलिबागला, रेवदंड्याला येतात. इस्रायल आळीत फिरतात, सिनेगॉगमध्ये दिवा लावतात आणि दुकानदाराशी मराठीत बोलतात. त्यांच्यापैकी पुष्कळांनी विशीच्या आत हा किनारा सोडला होता.

या सगळ्यांपुढे आपलं काम सोपं आहे. बहुतेकांची शाळा एसटीच्या एका प्रवासाच्या अंतरावर आहे. व्हिसा लागत नाही, पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर कायम जपलेलं असतं. मुख्याध्यापकांना भेटून विनंती केली तर आपल्या तुकडीतली विसरलेली नावं कळू शकतात, आणि गावात राहिलेला एखादा वर्गमित्र, किराणा दुकानवाला किंवा पोस्टमन, बाकीच्यांचे पत्ते सांगतो. मुलींना शोधायचं असेल तर त्यांच्या भावांपासून सुरुवात करावी. भावाचं आडनाव बदललेलं नसतं. पहिला संदेश लांब नको : मी कोण, कोणत्या वर्गात होतो, काय आठवलं म्हणून आठवण आली आणि काहीही काम नाही, एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने एकदा पुन्हा लिहावं. बरोबर मुलांना, नातवंडांनाही न्यावं, पण पहिल्या भेटीत नाही. तिथे मित्रांनाच एकमेकांपाशी बसू द्यावं. फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवलं तर आणखी चांगलं, कारण वडीलधाऱ्यांबद्दल, गावाबद्दल जे त्या दिवशी बोललं जातं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि भेटायच्या माणसांची यादी करताना शिक्षकांना विसरू नका. साठीतल्या विद्यार्थ्याचे शिक्षक ऐंशी-पंचाऐंशीचे असतात. यादीत वयाने जे सर्वांत मोठे, त्यांना पहिला फोन करा, आणि तो याच आठवड्यात करा.